पट, गुण आणि मूल

शाळेच्या हजेरीवर जेवढ्या मुलांची नावे असतात, त्या संख्येला आपण 'पट' म्हणतो. हा दोन अक्षरी शब्द गेली काही वर्षे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील वाड्या-तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांच्या उरावर बसला आहे. पट वीसच्या खाली गेला की शाळा ठेवायची की नाही, याची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा गुणवत्तेचा. त्या शाळेत आज नेमकी कोणाची मुले बसतात, हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक पाहता पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या तिसऱ्या प्रश्नात दडलेली आहेत, असे माझे नम्र मत आहे.

हा विषय आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना परका वाटू नये. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी निवासी शाळेत पाऊल ठेवले ते पाचवीत किंवा त्यानंतर. त्याआधीची अक्षरओळख, पहिली पाटी आणि पाढे त्यांना दिले ते गावच्या चार वर्गांच्या शाळेने. त्या शाळेचे ऋण मान्य करूनच निवासी शाळेच्या गौरवाकडे वळणे उचित ठरेल.

नांदेडने डोकी मोजली, लातूरने गुण मोजले

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात या दोन जिल्ह्यांनी दोन वेगळे धडे दिले आहेत. पहिला धडा नांदेडचा. जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत या जिल्ह्यात शाळांच्या हजेरीवरील नावे आणि प्रत्यक्ष वर्गात बसलेली मुले यांचा ताळा घेण्यात आला. हजेरीवर असलेली कितीतरी मुले प्रत्यक्षात कोठेच नव्हती, हे त्यातून उघड झाले. त्यानंतर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत संपूर्ण राज्यात पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. लक्षावधी नावे केवळ कागदावर होती असे निष्पन्न झाले. त्या नावांवर पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, पुस्तके आणि शिक्षकांची पदे मंजूर होत होती. याच काळात नांदेडने कॉपीमुक्त परीक्षेची मोहीमही राबवली. मोजणी प्रामाणिक असली पाहिजे, हा त्या काळाचा बोध होय.

दुसरा धडा लातूरचा. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी, तसेच दयानंद महाविद्यालयासारख्या संस्था यांच्या परिश्रमांतून 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले. जादा तासिका, पुनःपुन्हा सराव चाचण्या, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि विद्यार्थ्यांकडे व्यक्तिशः लक्ष, अशी ती साधी पण कष्टसाध्य पद्धत होती. मागासलेला समजला जाणारा मराठवाडा गुणांच्या स्पर्धेत कोणालाही मागे टाकू शकतो, हे तिने सिद्ध केले. पुढे शिकवणी वर्गांची मोठी बाजारपेठ त्याच नावाभोवती उभी राहिली, हा भाग वेगळा.

या दोन्ही धड्यांविषयी आदर बाळगूनच एक उणीव नोंदवावीशी वाटते. नांदेडच्या पडताळणीने मूल वर्गात आहे की नाही हे सांगितले. वर्गात असलेल्या मुलाला वाचता येते का, हे तिला सांगायचे नव्हते. लातूर पॅटर्नने अकरावी-बारावीत पोचलेल्या मुलाचे गुण वाढवले. दुसरीत अक्षराशी झुंजणाऱ्या मुलापर्यंत ती शिस्त आणि ते वैयक्तिक लक्ष कधी उतरले नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे एकाच लातूर विभागीय मंडळात मोडतात. त्या मंडळाच्या निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांची पाने भरतात. चौथीच्या वर्गात काय चालले आहे, याची बातमी होत नाही.

पट का घटतो

पट घटला म्हणजे शाळा बिघडली, असा सरळ निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. पट घटण्याची तीन स्वतंत्र कारणे असून त्यांचा अर्थही स्वतंत्र आहे.

पहिले कारण जन्मदराचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर 2005-06 मध्ये 2.1 होता, 2019-21 मध्ये तो 1.7 वर आला. घरात चार-पाच भावंडे असण्याचा काळ मागे पडला. मुली शिकल्या, लग्नाचे वय काहीसे वाढले, आरोग्यसेवा पोचली, त्याचे हे फळ आहे. शंभर उंबऱ्यांच्या वाडीत पूर्वी पहिलीला पंधरा मुले येत असतील, तर आता पाच-सहा येणार. ही शिक्षणाची हार मानण्याचे कारण नाही. उलट मागील पिढीच्या शिक्षणाचेच हे यश आहे.

दुसरे कारण स्थलांतराचे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या पट्ट्यांतील कोरडवाहू डोंगराळ गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. आई-वडील दोघे मिळून एक कोयता मानला जातो, त्यामुळे घरी आजी-आजोबा नसतील तर मुले बैलगाडीबरोबर किंवा ट्रॅक्टरबरोबर फडावर जातात. काही कुटुंबे वीटभट्टीवर, काही हैदराबाद-निजामाबादकडे, काही पुणे-भिवंडीकडे जातात. पहिलीच्या मुलाच्या दृष्टीने या वेळापत्रकाचा अर्थ भयंकर आहे. जून ते ऑक्टोबर या पहिल्या सत्रात अक्षरे कोठे हाताला लागू लागतात आणि दिवाळीनंतर, नेमकी ती जोडून शब्द वाचण्याच्या वेळी, मूल फडावर असते. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येते तेव्हा वर्ष संपलेले असते. पुढच्या इयत्तेत त्याचे नाव जाते, वाचन मागेच राहते.

तिसरे कारण निवडीचे. ज्यांच्या घरी नियमित पगार येतो, ज्यांची शेती बागायती आहे, ज्यांचे एखादे दुकान आहे, त्यांची मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. अनेक घरांत मुलगा गाडीत बसतो आणि मुलगी गावातल्या शाळेत चालत जाते. पालकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. आपल्या अपत्यासाठी अधिक चांगले शोधणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. परंतु अशा हजारो खाजगी निर्णयांची बेरीज सार्वजनिक असते आणि ती गावच्या शाळेच्या हजेरीवर उमटते.

जन्मदर घटणे स्वागतार्ह आहे, स्थलांतर ही सक्ती आहे आणि शाळा बदलणे ही निवड आहे. या तिन्ही गोष्टी 'पट घटला' या दोन शब्दांत कोंबल्या की रोगाचे निदान चुकते, आणि मग औषधही चुकते.

वर्गात उरले कोण

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के होते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ते 19 टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा आहे. बौद्ध, मातंग, चर्मकार हे समाज त्यात येतात. नांदेडमध्ये त्याखेरीज आठ टक्क्यांहून अधिक आदिवासी आहेत. किनवट आणि माहूरच्या डोंगरांत गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती आहे. दोन्ही जिल्ह्यांत बंजारा तांडे विखुरलेले आहेत. जे गाडीत बसून गेले त्यांची वजाबाकी करा. मागे जो वर्ग उरतो, त्यात या समाजांची, त्यांतही भूमिहीन आणि मोलमजुरी करणाऱ्या घरांची, आणि त्यांतही मुलींची संख्या गावातील त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे.

याला भाषेचाही एक पदर आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. किनवटकडचे मूल गोंडी किंवा कोलामी ऐकत वाढते. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू, तर उदगीर, देवणी, निलंग्याच्या कडेला कन्नड घराघरांत पोचलेली आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांत आणि मोठ्या गावांत उर्दू आहे. पहिलीच्या पुस्तकातील मराठी अशा अनेक मुलांसाठी शाळेत आल्यावर शिकायची भाषा असते. शहरातील सुशिक्षित घरातले मूल शाळेत येण्यापूर्वीच पुस्तकी मराठी ऐकून येते. या दोघांना एकाच दिवशी एकच उतारा वाचायला देऊन मिळालेल्या गुणांवरून दोन शाळांची तुलना करणे, हे न्यायाला धरून नाही.

शंभर वर्षांपूर्वीही प्रश्न याच जातीचा होता. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडला. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात, उरलेली पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. त्यांची कसोटी ध्यानात घेण्यासारखी आहे. शाळेत किती मुले आली एवढ्यावर ते थांबले नाहीत. साक्षर होऊन, साक्षर राहण्याइतकी शिकून किती बाहेर पडली, हे त्यांनी विचारले. आज चौथीपर्यंत जवळजवळ सर्वच मुले पोचतात. मात्र चौथीपर्यंत पोचणे आणि चौथीचे वाचता येणे, यांतील अंतर अद्याप मिटलेले नाही.

सरासरीचा फसवेपणा

लहान शाळेच्या गुणवत्तेविषयी बोलताना साधे अंकगणित विसरले जाते. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल नापास झाले तर निकाल अडीच टक्क्यांनी घसरतो. पाच मुलांच्या वर्गात एका मुलाने वीस टक्के फरक पडतो. त्या पाचांपैकी दोघे फडावर गेले की शाळेचा निकाल एका वर्षात शंभरावरून साठावर येतो. शिक्षक तेच, पुस्तके तीच, खोलीही तीच. पुढच्या वर्षी एखादे हुशार मूल आले की तोच निकाल वर चढतो आणि शाळेचा सत्कार होतो. ती टीका आणि तो सत्कार, दोन्हींचा शिकवण्याशी फारसा संबंध नसतो. इतक्या लहान संख्येवर टक्केवारी लावणे हेच मुळात अयोग्य होय.

योग्य मोजमाप कोणते? जे मूल पहिलीत आले तेव्हा त्याला काय येत होते आणि चौथीतून बाहेर पडताना काय येते, यांतील फरक हे खरे मोजमाप. 'असर'च्या वार्षिक सर्वेक्षणात वापरली जाणारी पद्धत या दृष्टीने सोपी आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर एकेका मुलाला समोर बसवून वाचायला दिले जाते. दहा-बारा मुलांच्या शाळेत हे काम एका सकाळी होऊ शकते. 'निपुण भारत' अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे असे उद्दिष्ट 2021 मध्ये ठरवले आहे. लहान शाळा हे उद्दिष्ट गाठण्याची सर्वांत अनुकूल जागा ठरू शकते, कारण तेथे शिक्षकाला प्रत्येक मुलाचे नाव, घर आणि अडचण ठाऊक असते.

तथापि लहान शाळेची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळणे हे कौशल्याचे काम आहे. एकाने पहिली-दुसरी आणि दुसऱ्याने तिसरी-चौथी घ्यावी, एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटाला स्वाध्याय द्यावा, अशी ही बहुवर्ग पद्धत असते. तिचे प्रशिक्षण अपुरे आहे. त्यातच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या आणि सर्वेक्षणे यांत एक शिक्षक गुंतला की उरलेला एक चारही वर्गांसमोर उभा राहतो. तिन्ही-चारही मुले एकाच घरातली असतील असा वर्ग एकाकी असतो. खेळायला संघ होत नाही, वादविवादाला प्रतिपक्ष मिळत नाही. हे सारे मान्य केलेच पाहिजे.

समायोजनाचा प्रश्न

शासनाचा युक्तिवादही प्रामाणिकपणे समजून घ्यावा. 2023 मध्ये पुढे आलेल्या आकडेवारीनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा होत्या. त्यांत 1,85,467 विद्यार्थी आणि 29,707 शिक्षक होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि एका शिक्षकामागे सुमारे सहा मुले. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभाराव्यात, असा प्रस्ताव त्या वर्षी मांडण्यात आला आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबारमधील तोरणमाळ येथील उदाहरणे देण्यात आली. चांगली इमारत, ग्रंथालय, क्रीडांगण, विषयवार शिक्षक एका ठिकाणी देता येतील, असे त्यामागचे म्हणणे होते. हा प्रवाह केवळ महाराष्ट्राचा नाही. 'असर'च्या पाहणीत साठपेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या शासकीय शाळांचे प्रमाण देशभरात 2010 मध्ये 17 टक्क्यांच्या आसपास होते, ते 2022 मध्ये सुमारे 30 टक्के झाले.

परंतु कायदा काय सांगतो? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यान्वये शाळा मुलाच्या परिसरात असली पाहिजे. नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी ती एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक मिळाले पाहिजेत. सहा वर्षांच्या मुलीसाठी एक किलोमीटर आणि चार किलोमीटर यांतील फरक नकाशावर बोटभर असतो. पावसाळ्यात मध्ये ओढा असेल, गाडी चुकली असेल, घरी सांभाळायला धाकटे भावंड असेल, तर तोच फरक शाळेत जाणे आणि न जाणे यांतला ठरतो. गाडीभाडे मिळेल असे सांगितले जाते. ते वेळेवर मिळेल आणि तांड्यापर्यंत गाडी येईल, याची हमी कोणी घ्यायची?

आंबेडकरी विचाराच्या वाचकाच्या मनात येथे आणखी एक प्रश्न उद्भवेल. वस्तीची वेगळी शाळा, तांड्याची वेगळी शाळा, ही विभागणी तरी कोठे चांगली? सगळी मुले एका बाकावर बसावीत हेच आपले ध्येय नाही काय? प्रश्न रास्त आहे. कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये परिसरातील सर्व मुलांसाठी समान शाळेची शिफारस केली होती. परंतु आज समायोजनातून जे घडते ते समान शाळेपेक्षा वेगळे आहे. गावातील सुस्थित घरांची मुले आधीच निघून गेली आहेत. दोन गरीब वस्त्यांची मुले एका खोलीत आणल्याने समाज एकत्र येत नाही. त्यांचे चालण्याचे अंतर तेवढे वाढते. जेथे एकाच गावात अर्ध्या किलोमीटरवर दोन शाळा आहेत आणि रस्ता चांगला आहे, तेथे त्या एकत्र कराव्यात, शिक्षक चार करावेत, याला माझा विरोध नाही. जेथे डोंगर, ओढा किंवा दूरचा तांडा मध्ये आहे, तेथे मात्र बारा मुलांसाठीही शाळा राहिली पाहिजे. तो खर्च दानधर्मात मोडत नाही. कायद्याने मान्य केलेला तो त्या मुलांचा हक्क आहे.

म्हणून शाळेच्या समायोजनाचा प्रत्येक प्रस्ताव संख्येऐवजी नावांनी मांडला जावा. बारा मुले असतील तर बाराही नावे लिहावीत. कोण कोणत्या शाळेत जाणार, किती अंतर, कोणत्या वाटेने, सोबत कोण, आणि सहा महिन्यांनी ते मूल तेथे आहे का, हे त्यापुढे नोंदवावे. ज्या जिल्ह्याने बोटाला शाई लावून मुले मोजण्याची वाट राज्याला दाखवली, त्या जिल्ह्याला बारा मुलांचा एवढा माग ठेवणे अवघड नाही.

आपला वाटा

आता एक अवघड गोष्ट. आपल्यासारख्या निवासी शाळा, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा, नवोदय विद्यालये या सर्वांनी मागील पिढ्यांत गुणी मुलांना हात दिला. शंकरनगरच्या किंवा लातूरच्या नवोदयात एखादे मूल लागले की वस्तीत पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. पण ज्या शाळेतून ते मूल आले त्या शाळेकडे मग कोणी वळून पाहत नाही. वस्तीतील ज्या घराला शिक्षणाची गोडी आहे, ज्या बापाला साहेबासमोर उभे राहून प्रश्न विचारता येतो, तेच घर गावच्या शाळेतून आधी बाहेर पडते. मुलाबरोबर त्या बापाचा आवाजही शाळेतून जातो. मागे उरलेल्या पालकांना दुपारी शाळेत येऊन विचारपूस करण्याइतकी सवड नसते, कारण त्यांचा रोज बुडतो.

आपली माणसे शिकली, नोकरीला लागली, नांदेड-लातूर-पुणे येथे घरे झाली, हे आपल्या चळवळीचे फलित आहे. मात्र त्या यशाची किंमत मूळ वस्तीच्या शाळेने एकटीने मोजावी, हे समतेच्या तत्त्वाशी सुसंगत नाही. निवासी शाळेने निवडक मुले घ्यावीत आणि गावच्या शाळेने उरलेली सांभाळावीत, अशी वाटणी दीर्घकाळ चालली तर गावची शाळा केवळ उरलेल्यांची जागा होईल. उरलेल्यांच्या शाळेला बाजूने बोलणारे कोणी नसते आणि म्हणूनच तिच्यावर कुऱ्हाड चालवणे सर्वांत सोपे जाते.

यावर काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना शाळा व्यवस्थापन समितीविषयी. कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अनेक ठिकाणी ती केवळ सह्यांपुरती उरली आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी मूळ गावच्या शाळेतील समितीच्या माता-सदस्यांना वर्षातून किमान दोनदा भेटावे, शाळा विकास आराखडा वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा. देणगीच्या पावतीपेक्षा ही मदत अधिक मोलाची ठरेल.

दुसरी सूचना हंगामी वसतिगृहाविषयी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच राहण्या-जेवण्याची सोय करण्याची योजना आहे. ती टोळ्या निघण्यापूर्वी सुरू झाली तरच तिचा उपयोग; मूल एकदा गाडीत बसले की ते परत येत नाही. म्हणून सप्टेंबरमध्येच गावातील कोणती कुटुंबे जाणार याची यादी करून प्रस्ताव पाठवण्याचा आग्रह धरला पाहिजे. त्यासाठी गावात एखादा पाठपुरावा करणारा माणूस लागतो. तो माणूस आपल्यापैकी का असू नये?

तिसरी सूचना विहारांविषयी. आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, अनेक ठिकाणी वीज आणि पंखेही आहेत; बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती आणि वर्षावासाचा काळ सोडला तर संध्याकाळी ती बंद असतात. रोज संध्याकाळी एक तास तेथे मोठ्याने वाचन व्हावे, आणि त्यात केवळ बौद्ध मुलांनाच नव्हे, तर तांड्यावरच्या, मातंग वस्तीतल्या, मुस्लिम मोहल्ल्यातल्या कोणत्याही मुलाला जागा असावी. बारावी झालेली वस्तीतील एखादी मुलगी हे काम उत्तम करील. तिच्या मानधनाची जबाबदारी माजी विद्यार्थी संघाने उचलावी.

चौथी सूचना आपल्या संस्थेला. पाचवीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिल्या आठवड्यात वाचन-गणिताची साधी चाचणी घ्यावी आणि तिचा निष्कर्ष, दोष न देता, त्या मुलाच्या मूळ शाळेच्या शिक्षकांना कळवावा. कोणत्या गावाची मुले कोठे अडखळतात हे त्यांना समजेल; आपल्या शिक्षकांनाही त्यांच्याकडून मुलाची पार्श्वभूमी कळेल. दरवर्षी आपल्याकडे सर्वाधिक मुले पाठवणाऱ्या गावांच्या शिक्षकांना वर्धापनदिनी व्यासपीठावर बसवावे. शिखरावरच्या विद्यार्थ्याचा सत्कार आपण करतो. त्याला पहिले अक्षर गिरवायला लावणाऱ्या गुरुजींचा आणि बाईंचाही तो मान आहे.

पाचवी सूचना पालकांना. इंग्रजी माध्यमाची शाळा निवडण्यापूर्वी गावच्या शाळेत एक पूर्ण दिवस बसून पाहावे. शिक्षक शिकवतात का, मुले वाचतात का, हे डोळ्यांनी पाहावे. पिवळी गाडी, टाय आणि बूट यांवरून शिक्षणाचा दर्जा ठरत नाही. शाळा खरोखर वाईट असेल तर तिला सोडण्यापूर्वी एकदा तिच्याशी भांडून पाहावे. आपल्या समाजाला हक्कासाठी भांडण्याचा वारसा आहे. तो शाळेच्या दारातच गळून पडू नये.

निवासी शाळेचा हा गौरवग्रंथ हाती घेताना प्रत्येकाने आपल्या मूळ गावच्या शाळेचा यंदाचा पट, त्यातील मुलांची नावे आणि त्यांपैकी किती जणांना गोष्ट वाचता येते, एवढी माहिती काढावी, अशी विनंती आहे. ती माहिती माजी विद्यार्थी संघाकडे जमा झाली तर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आपल्या गावांचा एक खरा, नावानिशी लिहिलेला ताळेबंद तयार होईल. पुढच्या वेळी एखादी शाळा बंद करण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा त्या मुलांच्या वतीने बोलायला आपल्या हाती काहीतरी असेल.